घरच्या घरी कोल्ड ब्रू: भरड दळण, गार पाणी आणि १६ तास

गरम कॉफी करून बर्फावर ओतली की ती आइस्ड कॉफी. कोल्ड ब्रूमध्ये पाणी कुठल्याच टप्प्यावर गरम होत नाही. भरड दळलेली कॉफी गार पाण्यात रात्रभर भिजते, मग गाळून अर्क काढतात. गार पाण्यात आंबट आणि कडवट द्रव्यं कमी उतरतात, त्यामुळे चव मऊ, किंचित गोडसर, चॉकलेटकडे झुकणारी लागते. त्याची किंमतही मोजावी लागते: गरम कप नाकाशी नेल्यावर येतो तो घमघमाट इथे मिळत नाही. म्हणून फुलांच्या-फळांच्या वासासाठी घेतलेल्या महागड्या लाइट रोस्ट (कमी भाजलेल्या) बिया यात घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

यासाठी खास यंत्राची काही गरज नाही. दीड लिटरची काचेची बरणी, पीठ चाळायची चाळणी, मलमलचं कापड आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढं पुरतं. घरचा कोल्ड ब्रू बिघडतो तो बहुतेक वेळा दळणात नाहीतर गाळण्यात, तेव्हा लक्ष तिथेच द्या.

कॉफी कोणती घ्यावी

सगळ्यात आधी पाकीट उलटून वाचा. आपल्याकडे ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांमध्ये २० ते ४० टक्के चिकोरी असते आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ. ते पाण्यात फार पटकन उतरतं. दुधाच्या गरम कॉफीत त्यामुळे दाटपणा येतो, पण तेच १६ तास भिजलं की अर्क काळा, चिकट आणि करपल्यासारखा कडू होतो. शिवाय ती पूड बारीक दळलेली असते, म्हणजे गाळतानाही त्रास. ‘१०० टक्के कॉफी’ लिहिलेलंच पाकीट घ्या. इन्स्टंट कॉफीचा इथे उपयोग नाही, ती आधीच काढून वाळवलेली कॉफी असते.

चिकमगळूर किंवा कोडगूची मीडियम ते मीडियम-डार्क रोस्ट अरेबिका (कॉफीची मऊ चवीची जात) पहिल्या खेपेला उत्तम. दुधातून पिणार असाल तर मॉन्सून्ड मलबार बघा. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत या कच्च्या बिया पावसाळी वाऱ्यावर पसरून ठेवतात. त्या फुगतात, फिकट पडतात आणि त्यांचा आंबटपणा उतरतो. मेळघाटात चिखलदऱ्यालाही कॉफी होते. तिकडे जाणं झालं आणि बिया मिळाल्या तर जरूर करून बघा. कॉफीची दुसरी जात रोबस्टा, तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. दुधाखाली चव दबू नये म्हणून चौथा हिस्सा रोबस्टा चालेल, निव्वळ रोबस्टा मात्र तुरट लागते. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तर भाजून एक आठवडा झालेली आणि दीड महिन्याच्या आतली कॉफी घ्या.

दळण

दळण लापशीच्या रव्याएवढं भरड हवं. बारीक पूड दोन्हीकडून घात करते. तिच्यातून तासन्‌तास कडवटपणा सुटत राहतो आणि ती कापडाची भोकं बुजवते, मग अर्क ना धड गळतो ना स्वच्छ निघतो. दुकानातून दळून आणत असाल तर ‘फ्रेंच प्रेससाठी’ किंवा ‘कोल्ड ब्रूसाठी’ असं सांगा, ते समजतात.

घरी मिक्सरवर दळायचं तर चटणीचं भांडं घ्या. आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, नाहीतर लसणाचा किंवा मसाल्याचा वास कॉफी ताबडतोब ओढून घेते. ११५ ते १२० ग्रॅम बिया घ्या. एका वेळी ४० ग्रॅम, पल्सवर एकेक सेकंद, आठ-दहा वेळा, आणि मध्ये भांडं हातात घेऊन हलवा. बटण सलग दाबून ठेवलं तर खालची पूड तापते आणि वरच्या बिया अख्ख्या राहतात. नंतर सगळं चाळणीवर घाला आणि हलक्या हाताने आपटा. खाली पडलेली पूड कोल्ड ब्रूमध्ये जाऊ देऊ नका, ती डब्यात भरून सकाळच्या गरम कॉफीला वापरा. वर राहिलेले मोठे तुकडे पुन्हा एकदोन पल्स फिरवून घ्या. चाळल्यावर साधारण १०० ग्रॅम भरड हाती येते. या एका चाळणीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या बरणीने पडत नाही.

भिजवणं

प्रमाण: १०० ग्रॅम कॉफी, ८०० मिली पाणी. पाणी प्यायचं, गाळलेलं. बोअरवेलच्या जड पाण्यात चव सपाट होते. आरओचं पाणी फारच मऊ असेल, म्हणजे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५०च्या खाली, तर अर्क पातळसर लागतो. अशा वेळी त्यात थोडं नळाचं उकळून गार केलेलं पाणी मिसळा.

बरणी गरम पाण्याने धुऊन कोरडी करा. कॉफी घाला आणि आधी फक्त ४०० मिली पाणी ओता. लाकडी चमच्याने तळापासून ढवळा, एकही कोरडी गुठळी राहता कामा नये. ताज्या कॉफीत अडकलेला वायू बाहेर पडतो आणि वर जाड, फेसाळ थर येतो. १० मिनिटं तसंच राहू द्या, मग उरलेलं पाणी घालून तो थर पुन्हा आत दाबा. हे केलं नाही तर वरची कॉफी तरंगत राहते, नीट भिजतच नाही आणि मोजून घातलेली १०० ग्रॅम कॉफी ७०-८० ग्रॅमचंच काम करते. झाकण लावा आणि यापुढे ढवळू नका.

आता जागा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ओट्यावरचं तापमान सहज ३५ अंशांवर जातं. तिथे बरणी सरळ फ्रीजमध्येच ठेवा. इथे काहीच उकळत नाही, म्हणजे जंतू मरण्याची पायरीच नाही, आणि ऊबेत ते भराभर वाढतात. फ्रीजमध्ये १६ ते १८ तास लागतात: दुपारी ४ वाजता भिजवलं की सकाळी ८ ते १०च्या दरम्यान गाळायचं. पुण्या-नाशिकच्या थंडीत, घरात २०-२२ अंश असताना, ओट्यावर १२ तास पुरतात. २४ तासांच्या पुढे कुठेच नेऊ नका. ताकद वाढत नाही, फक्त लाकडासारखी कोरडी चव उतरते.

गाळणं

घाई केली तर आदल्या दिवसाची मेहनत इथे वाया जाते. नवं मलमल असेल तर आधी उकळत्या पाण्यातून काढा, म्हणजे खळ निघून जाईल. ते साबणाने किंवा डिटर्जंटने धुऊ नका, तो वास अर्कात उतरतो.

पहिल्यांदा साध्या स्टीलच्या गाळणीने पातेल्यात गाळा. बरणी हळू तिरकी करा, वरचं निवळ आधी येऊ द्या, चोथा शेवटी. मग ओलं करून पिळलेलं मलमल दुहेरी घडीने गाळणीत पसरा आणि अर्क त्यातून जाऊ द्या. २० मिनिटं लागतील, लागू द्या. शेवटी कापडाची पुरचुंडी करून पिळायचा मोह होतो, तो टाळा. पिळलं की बारीक गाळ आणि सगळ्यात कडू भाग खाली येतो. लटकवून ठेवा, आपोआप टपकेल तेवढं घ्या. अगदी नितळ हवा असेल तर तिसऱ्यांदा कागदी फिल्टरमधून काढा.

८०० मिलीतून हाती साधारण ६०० मिली अर्क येतो. कॉफी आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, तेव्हा काही चुकलं असं समजू नका. अर्क स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्याच्या आत संपवा. झाकण घट्ट हवं, नाहीतर शेजारच्या कांद्याचा वास त्यात उतरेल. पाणी घातलेला अर्क मात्र दोन दिवसांतच संपवावा.

कपात

हा अर्क तसाच प्यायचा नाही. १०० मिली अर्क, १०० मिली गार पाणी आणि ४-५ बर्फाचे खडे. बर्फ वितळतो, म्हणून पहिल्यांदा पाणी थोडं कमीच ठेवा. दुधातून हवा असेल तर पाण्याऐवजी तेवढंच गार दूध घ्या, पण ते गाळून. सायीचे कण गार कॉफीवर तरंगतात आणि तोंडात येतात. साखर गार पाण्यात तळाशी बसते, म्हणून समान वजनाची साखर आणि पाणी गरम करून पातळ पाक करून ठेवा. गूळही असाच विरघळवून, गाळून वापरता येतो आणि डार्क रोस्टबरोबर तो साखरेपेक्षा सरस लागतो.

चव चुकली तर

पाणचट लागलं तर दळण फार भरड असेल किंवा कॉफी नीट भिजली नसेल. पुढच्या वेळी आधी ढवळण्याकडे बघा, तासांकडे नंतर. कडू आणि जिभेवर कोरडं लागलं तर बारीक पूड आत राहिली, किंवा ऊबेत जास्त वेळ गेला. गढूळ आणि मातकट लागलं तर कापड पिळलं गेलं असेल. बाटली रात्रभर हलवू नका, गाळ खाली बसेल आणि वरचं ओतून घेता येईल. आंबूस वास आला, फेस आला किंवा पृष्ठभागावर तवंग दिसला तर चाखून बघू नका, सरळ फेकून द्या.

‘कोल्ड ब्रूने अॅसिडिटी होत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते इतकं सरळ नाही. एकूण आम्लद्रव्यं गरम कॉफीपेक्षा कमी उतरतात हे खरं, पण पीएच (आम्लतेचं माप) दोन्हींचा जवळपास सारखाच असतो आणि कॅफीनही असतंच. वर दिलेल्या प्रमाणात १०० मिली अर्कात ढोबळमानाने १०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन येतं. चव मऊ असल्यामुळे दुसरा-तिसरा ग्लास नकळत पोटात जातो. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात, गरोदरपणी २००ची. घरात कुणाची झोप आधीच उडालेली असेल तर दुपारनंतर बाटली बाहेर काढू नये.

चोथा सिंकमध्ये टाकू नका, नळी तुंबते. वर्तमानपत्रावर पसरून वाळवा आणि सुक्या पानांबरोबर खताच्या डब्यात घाला. ओलाच कुंडीत थापला तर त्यावर बुरशी येते.