रिचार्ज करण्यापूर्वी गेल्या महिन्याचा वापर पाहा

‘रोज दीड जीबी’चा प्लॅन घेतला की रात्री साडेअकराला उरलेला डेटा ‘वाया जाऊ नये’ म्हणून आपण नको ते व्हिडिओ पाहत बसतो, कारण मध्यरात्री तो कोटा रद्द होतो. वापर गरजेने नव्हे, प्लॅनच्या रचनेने ठरतो, तो असा. म्हणून रिचार्जपूर्वी फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा गेल्या महिन्याचा आकडा पाहून त्याला दिवसांनी भागावे. घरी वायफाय असलेल्यांचा आकडा बहुधा अपेक्षेपेक्षा बराच लहान निघतो.

किंमतही प्रतिदिवस काढावी. २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो खरा, पण वर्षात १२ नव्हे, १३ वेळा पैसे भरावे लागतात. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२२ मधील आदेशामुळे प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारा, असा किमान एकेक प्लॅन ठेवावा लागतो; तो मुद्दाम शोधावा लागतो, एवढेच.

घरातील ज्येष्ठांच्या बटणांच्या फोनसाठी केवळ कॉल व एसएमएसचे व्हाउचर घ्यावे. ‘ट्राय’च्या नियमांतील डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर ते उपलब्ध करून देणे कंपन्यांना बंधनकारक असून त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते.