स्वप्नात जागं राहायचं कसं, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न आहे हे ओळखायचं कसं?
आमच्या सोलापूरच्या अशोक चौकात रात्रपाळीचे माग खडखडत असतात. ध्यानाला शांतता लागते हे मी मानत नाही. झोपण्याआधी १० मिनिटं त्या खडखडाटासकट श्वास मोजा. पाचेक तासांनी गजर लावा, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते. आठवेल ते स्वप्न वहीत लिहा, मोबाईल बघू नका. परत आडवं होताना घोळवा: ‘स्वप्न पडलं की मला कळेल, हे स्वप्न आहे.’ दिवसा एखादी पाटी दोनदा वाचायची सवय लावा. ती सवय स्वप्नातही येते, आणि तिथे दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं बहुधा बदलतात, त्यावरून स्वप्न ओळखायचं. माझ्या स्वप्नात सिद्धेश्वर तलावावर कुणीतरी माझ्या मागे लागायचं. हे स्वप्न आहे हे ओळखल्यावर मी वळूनच विचारलं, ‘काय रे, काय पाहिजे?’ भीती ओसरली. गजर मात्र सुट्टीच्या आदल्या रात्रीच. आधीच झोप लागत नसेल किंवा भास होत असतील, तर हे करूच नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.