चंदेरी ब्लँकेट गुंडाळलं तरी हुडहुडी का थांबत नाही? या चुका टाळा

आपत्कालीन ब्लँकेट अंगावर आलं की माणूस वाचला, असं समजणारे इतके भेटतात की प्रत्येक ट्रेकआधी मी यावर पंधरा मिनिटं बोलतोच. ज्यांना निघायची घाई असते तेही ऐकून घेतात, कारण त्याशिवाय मी निघत नाही.

पहिला गैरसमज म्हणजे हे ब्लँकेट ऊब देतं. ते ऊब देत नाही, अंगातली ऊब राखतं. गार दगड त्यात गुंडाळून ठेवलात, तर सकाळी दगड गारच असेल. प्लास्टिकचा जेमतेम १२ मायक्रॉनचा पापुद्रा आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या वाफेचा मुलामा, एवढंच त्यात असतं. नासाने १९६४ मध्ये अंतराळातल्या वापरासाठी विकसित केलेला हा प्रकार. अंगातून किरणांच्या रूपाने निघणारी बहुतेक उष्णता तो मागे फिरवतो. शिवाय वारा आणि पाणी अडवतो. पण जमिनीला टेकलेल्या अंगातून जी उष्णता जाते, तिच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

आणि नेमकी तिथेच सगळ्यात मोठी चूक होते: वरून ब्लँकेट, खाली काहीच नाही.

एकदा उतरताना एका गटातल्या मुलाचा पाय मुरगळला. अंधार पडला होता, पाऊस नुकताच थांबला होता. त्याच्या मित्रांनी त्याला एका सपाट कातळावर बसवलं, ब्लँकेट गळ्यापर्यंत लपेटलं आणि मदतीची वाट बघत बसले. आम्ही पोचलो तेव्हा दोन तास होऊन गेले होते. त्याचे दात वाजत होते. म्हणाला, “दादा, हे ब्लँकेट बोगस आहे.” मी त्याच्या मांडीखाली हात घातला. कातळ बर्फासारखा गार, पँट चिंब, आणि ब्लँकेटच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. दोन तास तो कातळच त्याची ऊब शोषत होता. चार सॅक रिकाम्या करून खाली अंथरल्या, त्यावर दोराची वेटोळी पसरली आणि त्याला अलगद वर घेतलं. ओले कपडे काढले, कोरडा स्वेटर आणि टोपी चढवली, मग तेच ब्लँकेट पुन्हा गुंडाळलं. तो नीट शुद्धीत होता, घोट नीट गिळत होता, म्हणून साखर घातलेलं गरम पाणी थोडं थोडं पाजलं. अर्ध्या तासात त्याचं बोलणं सलग झालं. ब्लँकेट तेच होतं, फक्त त्याच्या खाली काहीतरी आलं होतं.

तेव्हापासून फोमच्या मॅटचा बसण्यापुरता तुकडा माझ्या सॅकच्या पाठीकडच्या कप्प्यात कायम असतो. वजन वाढतं म्हणून तो घरी ठेवणाऱ्यांशी मी वाद घालतो आणि पुढेही घालीन. मॅट नसेल तर सॅक, दोर, सुकी पानं, जे हाताशी असेल ते खाली घाला. आधी खालचं बघा, मग वरचं.

ओल्या कपड्यांवरच ब्लँकेट चढवणं ही दुसरी नेहमीची चूक. कोरडे कपडे असतील तर आडोसा करून आधी बदला. नसतील तर ओले कपडे घट्ट पिळून परत घाला आणि त्यावर ब्लँकेट लपेटा, म्हणजे निदान पाण्याची वाफ होताना अंगातली ऊब जाणार नाही. उघड्या कातडीला ते चिकटवून बसू नका. मध्ये कपड्याचा, हवेचा थर हवा. जिथे पापुद्रा अंगाला चिकटतो तिथून उष्णता सरळ बाहेर जाते.

सोनेरी बाजू आत की चंदेरी, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. चंदेरी आत ठेवा आणि पुढच्या कामाला लागा.

शेकोटीपासून लांब राहा, प्लास्टिक पेट घेतं.

डोकं झाका, तोंड मोकळं ठेवा.

वाऱ्यात नुसतं पांघरलेलं ब्लँकेट फडफडत राहतं आणि प्रत्येक फडफडीबरोबर आतली गरम हवा बाहेर जाते. मी कडा अंगाखाली खोचतो आणि वरून रेनकोट घालतो. चिकटपट्टीचे चार तुकडे पाण्याच्या बाटलीला आधीच चिकटवून ठेवलेले असतात, कारण हा पापुद्रा एकदा फाटला की चीर भराभर वाढते. गारठलेल्या बोटांनी, वाऱ्यात, अंधारात तो पहिल्यांदाच उघडून बघा म्हणजे कळेल. म्हणून एक ब्लँकेट सरावासाठी घरीच उघडा, गुंडाळा, फाटू द्या. “पाकिटावर चित्र आहे की,” असं म्हणणाऱ्या नवख्यांना मी तिथल्या तिथे ते उघडायला लावतो. नवं सीलबंद पाकीट सॅकमध्ये वेगळं ठेवा. घडी घालून पुन्हा पुन्हा वापरलेल्याचा मुलामा घड्यांवर उडतो.

आता सगळ्यात घातक चूक. हुडहुडी थांबली म्हणून माणूस सावरला असं धरून चालणं. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की धोका सुरू होतो, आणि ते आणखी उतरत गेलं की शरीर कुडकुडणंच सोडून देतं. बोलणं जड झालं, प्रश्नाचं उत्तर भलतंच आलं, गारठलेला माणूस अंगावरचे कपडे काढू लागला, तर ब्लँकेटवर विसंबू नका. त्याला चालवू नका, हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच देऊ नका. आडवं ठेवा, हलवावं लागलं तर अगदी हळू हलवा. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीजवळ ठेवा, वरून ब्लँकेट घ्या आणि बचाव पथकाला ताबडतोब फोन लावा.