ठाण्यात घर, मुंबईत नोकरी: पास कुठून काढावा?
मुलुंड चेकनाका किंवा कोपरीच्या परिसरात, म्हणजे मुंबईच्या वेशीवर पण ठाण्याच्या हद्दीत राहून रोज लोकलने मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी, केवळ मुलुंड स्थानक पायी गाठता येते एवढ्यावरून मुलुंडपासूनचा पास काढण्याची घाई करू नये. ठाण्यापासूनच्या पासावर मुलुंडसह मधल्या कोणत्याही स्थानकावर चढता-उतरता येते. उलट मुलुंडच्या पासावर संध्याकाळी गर्दीच्या रेट्याने ठाण्यापर्यंत गेल्यास, आणि तसे होतेच, दंड भरावा लागू शकतो. शिवाय अनेक जलद लोकल मुलुंडला न थांबता थेट ठाण्याला थांबतात. सकाळी बसायला जागा हवी असल्यास ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल पकडावी, कारण कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या गाडीत ठाण्याला पाय ठेवण्यापुरती जागा मिळाली तरी पुष्कळ.

मुदतीबाबत मात्र थोडा हिशेब करावा. तिमाही पास मासिक पासाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट दराने मिळतो, म्हणजे तिन्हींत सवलत सारखीच, १० टक्के. त्यामुळे घर भाड्याचे असेल किंवा नोकरी बदलण्याचा विचार असेल, तर तिमाही पासच सोयीचा.