अस्वलाच्या जंगलात वावरताना घ्यावयाची काळजी

विदर्भातील जंगलालगतच्या अनेक गावांत वाघापेक्षा अस्वलाची धास्ती अधिक घेतली जाते, हे शहरातील वाचकाला सहजी पटत नाही. वाघाला माणसाची चाहूल बहुधा आधीच लागते आणि तो बाजूला होतो. अस्वल मात्र खाण्यात गुंग असते आणि माणूस काही पावलांवर येऊन ठेपला की दचकून थेट अंगावर येते. मेळघाट, ताडोबा, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य, गोंदिया-गडचिरोलीचा वनपट्टा आणि तुरळक प्रमाणात गोव्यातील म्हादई व मोलेची जंगले या सर्व ठिकाणी आढळणारे हे लांब मुस्कटाचे, झिपऱ्या केसांचे काळे अस्वल माणसाला भक्ष्य समजत नाही. त्याचे हल्ले जवळजवळ नेहमी भीतीपोटी होतात. त्यामुळे हल्ला झाल्यावर काय करावे, याहून तो होऊ नये म्हणून काय करावे हे कितीतरी महत्त्वाचे आहे, आणि त्याचे सार इतकेच की आपण येत आहोत हे अस्वलाला दुरूनच कळले पाहिजे.

ते त्याला आपोआप का कळत नाही, हे आधी समजून घ्यावे. अस्वलाचे नाक अत्यंत तीक्ष्ण असले तरी नजर आणि कान बेताचेच असतात. वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहत असेल, तर नाकाचाही उपयोग होत नाही. त्यात भर पडते ती त्याच्या खाण्याच्या पद्धतीची. वाळवी आणि मुंग्या हे त्याचे मुख्य अन्न. सहा ते आठ सेंटीमीटर लांबीच्या नखांनी ते वारूळ फोडते, तोंड आत घालून जोराने फुंकर मारत माती उडवते, मग नाकपुड्या मिटून, सैल ओठांची नळी करून, वाळवी अक्षरशः ओढून घेते. वरच्या जबड्यातील पुढचे मधले दोन दात त्याला नसतात, ती फट याच कामी येते. हा फुंकण्या-ओढण्याचा आवाज शांत जंगलात शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. आपल्याला तो सावध करतो खरा, पण त्याच आवाजात आपल्या पावलांची चाहूल अस्वलाच्या कानावर पडत नाही. असा आवाज आला की पुढे जाऊन पाहण्याचा मोह टाळावा आणि आल्या वाटेने मागे फिरावे.

दचकलेले अस्वल पळून का जात नाही, असा प्रश्न पडू शकतो. ज्या जंगलात ते राहते तेथे वाघही राहतो, आणि वाघासमोर पाठ फिरवून पळणे त्याला परवडणारे नसते. समोरून अंगावर धावून जाणे हाच त्याचा बचाव, आणि तोच तो माणसावरही वापरतो. मादीबरोबर पिल्ले असतील तर हा बचाव अधिकच उग्र होतो. पिल्ले हिवाळ्यात, बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, खडकांच्या कपारीत किंवा गुहेत जन्मतात आणि पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात. लांबून पाठीवर उंचवटा असल्यासारखे अस्वल दिसले, तर ती पिल्लांची आई आहे असे समजून अंतर आणखी वाढवावे. डोंगरावरच्या देवस्थानांना जाणाऱ्यांनी हिवाळ्यात पायवाट सोडून कपारीत, गुहेत डोकावू नये.

मोह, तेंदू आणि पहाटेचा अंधार

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटेच्या आधीच गळू लागतात. जनावरांनी खाण्याआधी, उन्हाने सुकण्याआधी ती वेचावीत म्हणून माणसे टोपली घेऊन अंधारातच निघतात. अस्वलालाही तीच फुले आणि तीच वेळ हवी असते. वाकून, मान खाली घालून, न बोलता वेचणारा माणूस आणि झुडपाआड तितक्याच शांतपणे खाणारे अस्वल एकाच झाडाखाली येतात, तेव्हा दोघांनाही एकमेकांचा पत्ता अगदी शेवटच्या क्षणी लागतो. घरातील वर्षभराच्या मिठा-मिरचीचा आधार या फुलांवर असतो, तेव्हा ‘जंगलात जाऊ नका’ असा सल्ला देणे सोपे असले तरी त्याला काही अर्थ नाही. वेळ आणि पद्धत मात्र बदलता येते.

नीट उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नये. अर्धा तास उशिरा गेल्याने थोडी फुले गुरांनी खाल्ली तरी चालतील. एकट्याने न जाता चार-पाच जणांनी मिळून जावे, वाटेत मोठ्याने बोलत राहावे आणि झाड दिसू लागले की दुरूनच डबा किंवा काठी आपटून थोडे थांबावे. अस्वल असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळाला पाहिजे, म्हणून आवाज करत तसेच पुढे घुसू नये. सगळ्यांनी एकाच वेळी वाकण्याऐवजी एकाने आळीपाळीने उभे राहून आजूबाजूला लक्ष ठेवावे, आणि दाट झुडपाकडे पाठ करून बसू नये. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत मात्र सोडलेलीच बरी. वणवा पसरतो, आणि अस्वलासह सारी जनावरे गावाच्या दिशेने सरकतात. पाचोळा झाडून काढला तरी जमीन तितकीच स्वच्छ होते.

मे महिन्यात तेंदूपाने तोडताना हीच गत असते, फक्त येथे माणसे पांगलेली असतात. पाने तोडण्याच्या नादात प्रत्येकजण वेगळ्या दिशेला जातो आणि हाकेच्या टप्प्याबाहेर पडतो. ठरावीक वेळाने एकमेकांना हाळी द्यावी. नाल्याचे काठ, बांबूच्या रांज्या, घाणेरीची जाळी आणि मोठ्या शिळांच्या मधल्या घळी या अस्वलाच्या दुपारच्या विश्रांतीच्या जागा असल्याने तेथे शिरण्यापूर्वी आवाज द्यावा, आणि पर्याय असेल तर वळसा घालावा. बोरे, जांभळे, टेंभरे, बहाव्याच्या शेंगा आणि उंबर ज्या ज्या वेळी पिकतात त्या त्या वेळी त्या झाडांभोवती अस्वल असणार, हे गृहीत धरावे.

पहाटे परसाकडे जाणाऱ्यांवर होणारे हल्ले हा वेगळाच आणि सहज टाळता येण्याजोगा प्रकार आहे. घरच्या शौचालयाचा वापर हा स्वच्छतेइतकाच जीव वाचवण्याचा उपाय आहे. ते शक्य नसेल तर सोबत आणि चांगला टॉर्च हवाच.

वाटेवरच्या खुणाही पाहत चालावे. ताजे उकरलेले वारूळ, कडेला नुकतीच उडालेली ओलसर माती, मधाच्या पोळ्याच्या झाडावर उभ्या ओरखड्यांच्या रेघा आणि बोर-टेंभुर्णीच्या बिया भरलेली विष्ठा दिसली की अस्वल येथे वावरत आहे, हे नक्की. पाऊलखूण रुंद असते, पाचही बोटे जवळजवळ एका ओळीत उमटतात आणि त्यांच्या बरेच पुढे नखांची भोके दिसतात. वाघ-बिबट्याच्या ठशात नखे दिसत नाहीत, त्यामुळे गोंधळ होण्याचे कारण नाही. कुत्रा सोबत नेण्याबद्दल मतभेद आहेत, पण माझे मत त्याच्या विरुद्ध आहे: मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकत जातो, त्याला चिडवतो आणि जीव वाचवण्यासाठी धन्याच्याच पायाशी पळत येतो, मागोमाग अस्वलाला घेऊन.

समोर आलेच तर

अस्वल दूर असेल आणि त्याने आपल्याला पाहिले नसेल, तर त्याच्यावर नजर ठेवून, ज्या वाटेने आलो त्याच वाटेने शांतपणे मागे जावे. त्याची निघून जाण्याची वाट अडवू नये. फोटोसाठी थांबू नये, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये, पण पडते.

त्याने आपल्याला पाहिले असेल तर जागीच थांबावे. ते मागच्या दोन पायांवर उभे राहिले म्हणजे हल्लाच करणार असे नाही. बहुधा ते वास घेऊन समोर काय आहे ते ओळखू पाहत असते. अशा वेळी हलक्या, सपाट आवाजात बोलावे, म्हणजे समोर माणूस आहे हे त्याला कळते, आणि तोंड त्याच्याकडे ठेवून एकेक पाऊल मागे सरावे. लहान मूल बरोबर असेल तर त्याला उचलून घ्यावे. गटात असल्यास सर्वांनी एकमेकांना चिकटून उभे राहावे. पांगापांग झाली की मागे राहिलेला एकटा सापडतो. दगड मारू नये, कुऱ्हाड उगारून पुढे जाऊ नये. पळू तर मुळीच नये, कारण बोजड दिसणारे हे जनावर कोणत्याही माणसापेक्षा वेगाने धावते. आणि झाडावर चढण्याचाही उपयोग नाही, मधासाठी ते उंच झाडेही सहज चढते.

ते धावून आलेच, तर पुष्कळदा थोड्या अंतरावर थांबून परतते, म्हणून शेवटपर्यंत जागा सोडू नये. हातात काठी किंवा टोपली असेल तर ती मारण्यासाठी न वापरता चेहऱ्यासमोर आडवी धरावी. अस्वल चार पायांवर धावत येते आणि अगदी जवळ आल्यावर उभे राहून चेहऱ्यावर व डोक्यावर झडप घालते. जबर जखमा डोळे, नाक, जबडा आणि टाळूच्या कातडीला होतात त्या यामुळेच. अंगाला अंग भिडले की ताबडतोब पोटावर पालथे पडावे, चेहरा जमिनीला लावावा, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत आणि कोपरांनी गालांच्या बाजू झाकाव्यात. पाठीवर पिशवी असेल तर ती काढू नये. ते उलथवण्याचा प्रयत्न करील, तर पुन्हा पालथे व्हावे. धोका टळला असे अस्वलाला वाटले की ते बहुधा लवकरच सोडून जाते. मात्र ते गेल्यासारखे वाटताच उठून बसल्यास पुन्हा वळण्याचा संभव असतो, म्हणून आवाज पूर्ण थांबल्यावरही थोडा वेळ तसेच पडून राहावे.

दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट लहानपणी ऐकल्यामुळे दुरून अस्वल दिसताच आडवे पडावे, असा समज रूढ आहे. तसे करू नये. पालथे पडणे हा अंगाला भिडल्यानंतरचा उपाय आहे. अस्वल गुदगुल्या करून मारते, हा आणखी एक लाडका समज. त्याच्या नखांची लांबी पाहिली की तो आपोआप सुटतो.

सोबतच्यांनी अस्वलावर एकेकट्याने तुटून पडण्याऐवजी सर्वांनी मिळून, एकाच बाजूने आरडाओरडा करीत पुढे सरकावे आणि त्याला पळायला दुसरी बाजू मोकळी ठेवावी. चारी बाजूंनी घेरलेले अस्वल वाटेतल्या माणसाला तुडवूनच बाहेर पडते. गावात अस्वल शिरल्यावर गोळा होणारी गर्दी याच कारणाने धोकादायक ठरते. घरांची दारे लावून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे आणि पथक येईपर्यंत त्याची वाट मोकळी ठेवावी.

रात्री दुचाकीवरून जंगलातील रस्त्याने जाताना रस्त्यात अस्वल दिसले, तर लांबच थांबावे, दिवा चालू ठेवावा आणि ते रस्ता ओलांडून गेल्यावरही थोडे थांबावे, कारण मागून पिल्ले येत असू शकतात. बाजूने गाडी काढण्याचा प्रयत्न करू नये. मक्याच्या किंवा भुईमुगाच्या शेतात जागलीला जाणाऱ्याने जमिनीवर झोपू नये; माळा हवा, आणि तेथवर जाताना टॉर्चबरोबर तोंडाने आवाजही हवा. खरकटे, सडकी फळे, देवळातील तेल आणि नारळ उघड्यावर ठेवू नयेत. छत्तीसगडमधील बागबाहराजवळच्या चंडी देवीच्या मंदिरात अस्वले प्रसाद खायला येतात आणि ते पाहायला लोक गर्दी करतात, पण माणसाची भीड चेपलेले अस्वल कोणत्याही गावाच्या वेशीवर नको असते.

वरील सारे आपल्याकडच्या अस्वलासाठी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तेथील नियम वेगळे समजावेत: यलोस्टोनमध्ये अस्वलापासून किमान 100 यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे आणि मिरचीच्या अर्काचा फवारा जवळ बाळगण्याची शिफारस केली जाते, योसेमिटीमध्ये मात्र त्याच फवाऱ्याला बंदी आहे. ग्रिझली, म्हणजे तेथले तपकिरी अस्वल, अंगावर आले तर पालथे पडावे, पण तेथल्या काळ्या अस्वलाने हल्ला केल्यास सर्व शक्तीनिशी प्रतिकार करावा, असा तेथील वन अधिकाऱ्यांचा सल्ला असतो.

जखम झाल्यानंतर

प्रथम त्या जागेपासून दूर व्हावे. रक्तस्राव होत असलेल्या ठिकाणी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि ते भिजले तरी न काढता वरून दुसरे ठेवावे. चेहऱ्यावर जखम असलेला माणूस शुद्धीवर असेल तर त्याला उताणा झोपवू नये, पुढे झुकवून बसवावे, म्हणजे रक्त घशात उतरत नाही. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवावे. डोळ्याला इजा असल्यास दाब न देता केवळ झाकावे. लोंबणारी कातडी कापू नये. ती जागच्या जागी ठेवून हलके बांधावे, कारण शल्यचिकित्सकाला तिचा उपयोग होतो. हळद, चुना, तंबाखू, राख यांपैकी काहीही लावू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती रस्त्यापर्यंतच येणार असेल तर रुग्णाला बाजेवर घालून तेथवर न्यावे.

रक्त आटोक्यात असेल तर लहान चाव्या-ओरखड्यांच्या जखमा साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवाव्यात. रेबीज केवळ कुत्र्यामुळे होतो, असे मानून अनेकजण येथेच थांबतात. अस्वलाच्या चाव्यानेही रेबीजचा धोका असल्याने रुग्णालयात धनुर्वाताच्या इंजेक्शनबरोबर रेबीजची लस आणि जखमेत देण्याचे प्रतिद्रव्य या दोन्हींची आठवण करून द्यावी, आणि टाके निघाले म्हणून लसीच्या पुढील तारखा चुकवू नयेत. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना आणि मृतांच्या वारसांना राज्याच्या वन विभागाकडून अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी शक्यतो त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवून घटनास्थळाचा पंचनामा करून घ्यावा आणि रुग्णालयाचे प्रत्येक कागदपत्र, औषधांच्या चिठ्ठ्यांसह, जपून ठेवावे.