प्रतिस्पर्धी कंपनीत जाताना ग्राहकांबाबत या चुका टाळा

सांगली-मिरज भागात द्राक्षाच्या खत-औषधांची विक्री पाहणारा प्रतिनिधी ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर दुसऱ्या कंपनीत गेला, की जुन्या मालकाला पहिली चिंता वाटते ती त्याच्या हाताखालच्या कृषी सेवा केंद्रांची. मग नियुक्तिपत्र शोधले जाते आणि त्यात ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे याच व्यवसायात काम करणार नाही’ असे कलम सापडते.

या कलमाला घाबरून चांगली नोकरी नाकारणे ही पहिली चूक. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. क्रिकेटपटू झहीर खान यांच्याविरुद्ध त्यांच्या जाहिरात-व्यवस्थापन कंपनीने आणलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच तत्त्व लावून, कराराची मुदत संपल्यानंतरचे बंधन अमान्य केले. गणपती पेठेतले दुकान नावलौकिकासह विकणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्याच्यावर वाजवी बंधन घालण्यास हेच कलम मुभा देते.

दुसरी चूक याच्या अगदी उलट आणि, माझ्या मते, अधिक महागात पडणारी आहे. ‘कलम २७ आहे, आपले कोण काय करणार’ या भरवशावर काही जण नोटीस कालावधीतच विक्रेत्यांना नव्या कंपनीचे दरपत्रक पाठवू लागतात. नोकरी चालू असतानाचे बंधन वैध असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या गोलिकरी प्रकरणात स्पष्ट झाले आहे.

खरी गफलत बहुधा शेवटच्या संध्याकाळी होते. विक्रेत्यांची नावे, प्रत्येकाची उधारीची मर्यादा आणि दिलेली सूट असलेली एक्सेल फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवली जाते, आणि पाठवल्याची वेळ कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाते. दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर कुणाचे गुपित नाही. उधारीची मर्यादा व सूट यांच्याबाबत मात्र गोपनीयतेचा दावा उभा राहू शकतो. परवानगीविना माहितीची नक्कल केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ लागू होऊ शकते. विक्रेत्याने आपणहून ‘साहेब, आता कुठे आहात?’ असे विचारणे आणि आपण साऱ्या विक्रेत्यांना एकगठ्ठा संदेश पाठवणे, यांतला फरकही पुढे पुराव्यात महत्त्वाचा ठरतो.

फाइल आधीच पाठवली असेल तर ती घाईने पुसू नये, कारण पुसणे हे पुरावा नष्ट केल्यासारखे दिसते. ती न वापरता वकिलाच्या सल्ल्याने परत करण्याची लेखी तयारी दाखवावी.

मालकांनीही ‘महाराष्ट्रात कोठेही’ असली व्यापक भाषा टाळून, प्रतिनिधीने स्वतः सांभाळलेल्या ग्राहकांपुरते, ठरावीक मुदतीचे आणि गोपनीयतेवर भर देणारे कलम लिहावे. तेही न्यायालयात टिकेलच असे नाही, पण त्याची बाजू मांडता तरी येते. बाँडच्या, म्हणजे ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास द्यायच्या, रकमेचा प्रश्न निराळा आहे: करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते.

वकिलाची नोटीस आलीच, तर जुन्या साहेबांना रागाने व्हॉट्सअॅपवर उत्तर देऊ नये. नियुक्तिपत्र, राजीनामा, तो स्वीकारल्याचे पत्र आणि लॅपटॉप-सिमकार्ड जमा केल्याची पावती एकत्र करावी, आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर वकिलामार्फतच पाठवावे.