न्यायाधीशाविरुद्ध तक्रार करायची असेल तर

निकाल विरुद्ध गेला की कोर्टाच्या आवारात कुणीतरी म्हणतंच, "साहेबांना दिलं असणार." बहुतेक वेळा तसं नसतं. पण जेव्हा असतं तेव्हा माणूस अवमानाच्या भीतीनं गप्प बसतो. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाबद्दल सद्भावनेनं उच्च न्यायालयाकडे केलेली तक्रार अवमान ठरत नाही, असं 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम 6 सांगतं. हे संरक्षण फेसबुकवरच्या मजकुराला मात्र नाही.

1. आधी चूक आणि गैरवर्तन वेगळं करा. कायदा चुकीचा लावला, साक्षीकडे दुर्लक्ष झालं, तर वाट अपिलाची किंवा रिव्हिजनची, म्हणजे वरच्या कोर्टाकडून निकाल तपासून घेण्याची. पैशांची मागणी, एकाच पक्षकाराशी चेंबरमध्ये गुपचूप भेटी, जातीवरून किंवा बाई म्हणून केलेला अपमान हे गैरवर्तन. अर्जात दोन्हींची खिचडी झाली की निकालावरची नाराजी समजून तो दप्तरी दाखल होतो. मला वाटतं, खऱ्या तक्रारीही सर्वात जास्त इथंच मरतात.

2. कागद जमवा. रोजनाम्याची, म्हणजे तारखेगणिक कोर्टात काय झालं त्या नोंदीची, प्रमाणित नक्कल काढा. काय घडलं, कुठल्या तारखेला, किती वाजता, समोर कोण होतं, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहा. ऐकीव गोष्टी अर्जात घालू नका.

3. अर्जासोबत शपथेवरचं प्रतिज्ञापत्र जोडा. त्याशिवाय आणि पडताळता येईल अशा पुराव्याशिवाय खालच्या न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारींची दखल घेऊ नये, असं सरन्यायाधीशांनी 2014 मध्ये सर्व उच्च न्यायालयांना कळवलं आहे. निनावी पत्र लिहून काही होत नाही.

4. अर्ज उच्च न्यायालयाच्या महानिबंधकांकडे पाठवा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 नुसार जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं असतं; महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते मुंबई उच्च न्यायालय. स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा.

5. लाच मागितली असेल तर थांबू नका. मागणी बहुधा न्यायाधीशाच्या तोंडून येत नाही. त्यांचं नाव सांगून दुसराच कुणीतरी मागतो. पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर कळवा. दबावाखाली दिलेच असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार नोंदवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीनं द्यावी लागलेल्याला ही सात दिवसांची मुदतच वाचवते.

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल तक्रार असेल, तर ती त्या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती किंवा भारताचे सरन्यायाधीश यांच्याकडे जाते. या वाटेचं मूळ मुंबईत आहे. 1995 मध्ये मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्यावर परदेशी प्रकाशकाकडून घेतलेल्या पैशांवरून आक्षेप आले, वकील संघटनांनी ठराव केले आणि त्यांनी राजीनामा दिला. अशा वेळी वकिलांनी दबाव आणू नये, न्यायव्यवस्थेनंच आत चौकशी करावी, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. त्यातून 1999 ची अंतर्गत चौकशीची पद्धत आली. पण तिचा अहवाल लोकांना मिळत नाही, आणि हे मला मुळीच पटत नाही. ज्यानं शपथेवर तक्रार केली त्याला निदान निष्कर्ष तरी कळायला हवा.

पदावरून दूर करण्याचा अधिकार संसदेकडे. प्रस्तावावर लोकसभेच्या 100 किंवा राज्यसभेच्या 50 सदस्यांच्या सह्या लागतात. 1993 मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामींविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत पडला, कारण काँग्रेसचे खासदार मतदानापासून दूर राहिले. 2011 मध्ये न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेनं मंजूर केला. लोकसभेत तो येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.

तक्रार दिली म्हणून मूळ दावा थांबत नाही. त्याच न्यायाधीशासमोर उभं राहणं अशक्य वाटत असेल, तर दिवाणी प्रकरणात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज करा. आणि अपिलाची मुदत वकिलांकडून आजच लिहून घ्या: दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. तक्रारीची चौकशी चालू आहे म्हणून हे दिवस वाढवून मिळत नाहीत.